शटरवरची अक्षरं आणि अनुदानाचा अर्ज

अनुदानाच्या अर्जातलं पहिलं वाक्य बहुतेकदा असं असतं: ‘सदर प्रकल्पाद्वारे समाजातील विविध घटकांमध्ये दृश्यकलेविषयी जाणीवजागृती निर्माण करून लोकसहभागातून सांस्कृतिक वारसा जतन करण्याचा मानस आहे.’ व्याकरणाला धरून आहे, पण ते कोणत्याही गावाला, कोणत्याही चित्रकाराला आणि कोणत्याही वर्षाला चालतं. तेच काम असं सांगता येतं: ‘आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत हाताने पाट्या रंगवणारे चार पेंटर उरले आहेत. फ्लेक्स आल्यापासून त्यांना महिन्याला दोन-तीन कामं मिळतात. त्यांच्यासोबत सहा महिन्यांत आठ दुकानांची शटर आणि शाळेची एक भिंत रंगवायची आहे, त्यांच्या अक्षरांची नोंद करून ३०० प्रतींची पुस्तिका काढायची आहे.’ वाचणाऱ्याला इथे माणसं मोजता येतात, शटर मोजता येतात, आणि पुढचा प्रश्न विचारता येतो. त्याने प्रश्न विचारला की अर्ज जिवंत झाला.

असे अर्ज लिहिताना आणि दुसऱ्यांना लिहून देताना जे पुन्हापुन्हा आडवं आलं ते इथे उतरवतो आहोत. उदाहरण सगळीकडे हाच पाटी-पेंटरांचा प्रकल्प धरला आहे, कारण त्यात रंग, माणसं, परवानगी आणि पैसा हे चारही एकमेकांत अडकतात. आकडे नमुन्याचे आहेत, गावागणिक बदलतील.

आधी दार कोणतं ठोठवायचं ते. दृश्यकलेसाठी पैसे देणाऱ्या बिगरसरकारी, ना-नफा संस्था आपल्याकडे मोजक्याच. बंगळूरुची ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ ही १९९३ साली नोंदलेली संस्था १९९५ पासून अनुदानं देते. कलाव्यवहार, संशोधन, कलाशिक्षण, संग्रहालयं असे तिचे वेगवेगळे कार्यक्रम आहेत आणि इंग्रजी येत नाही म्हणून अडत नाही, भारतीय भाषांतही लिहिता येतं. तिचा ‘प्रोजेक्ट ५६०’ फक्त बंगळूरु शहरापुरता. नाव तिथल्या पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून घेतलेलं. म्हणजे त्याला मिरजेहून अर्ज करण्यात अर्थ नाही. असे अर्ज होतात, कारण लोक कार्यक्रमाचं नाव वाचतात आणि अटी वाचत नाहीत. दिल्लीची ‘फाउंडेशन फॉर इंडियन कंटेम्पररी आर्ट’ २००७ ची. सार्वजनिक जागेतल्या कलेसाठी तिने स्वतंत्र अनुदान ठेवलं. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या शिष्यवृत्त्या ही वेगळी गोष्ट: २५ ते ४० वयाला दोन वर्षं महिना १०,००० रुपये, ४० च्या पुढे २०,००० रुपये. त्या एका व्यक्तीच्या कामाला आहेत. त्यातून चार पेंटरांची मजुरी आणि परांचीचं भाडं काढायला गेलात तर हाती काही उरत नाही.

तिसरं दार कंपन्यांचं. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती आणि पारंपरिक हस्तकला यांचा उल्लेख आहे, त्यामुळे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्च करायचा पैसा कलेला चालतो. पण तो एकट्या चित्रकाराच्या खात्यात येत नाही. मध्ये संस्था लागते: आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी असलेली, सीएसआर-१ फॉर्म भरून क्रमांक घेतलेली, आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवू शकणारी. तालुक्यात असं मंडळ नसेल तर सार्वजनिक वाचनालयाकडे बघा. बरीच जुनी वाचनालयं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात, त्यांचे हिशोब दरवर्षी तपासले जातात, आणि प्रदर्शनाला खोलीही तिथेच मिळते. मात्र वाचनालयाच्या खात्यात पैसा घ्यायचा तर कार्यकारिणीचा ठराव आधी हवा आणि प्रकल्पाचा हिशोब वेगळा ठेवायचं लेखी ठरायला हवं. नाहीतर तुमचा पहिला हप्ता त्यांच्या गळक्या छपरावर खर्च होतो. कुणी चोरी करत नाही. पावसाळा जवळ आलेला असतो आणि खात्यात पैसे दिसतात, इतकंच.

परदेशी पैशाबद्दल एकच गोष्ट. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही. तेव्हा ‘अमुक संस्थेला परदेशातून पैसे येतात, त्यातले थोडे आपल्या मंडळाला देतील’ हा हिशोब सोडून द्यावा.

आता काम. अर्जाला बसण्याआधी दोन आठवडे बाजारपेठेत घालवायला हवेत, कारण वेळापत्रक तिथेच ठरतं. शटर रंगवायला सोपं वाटतं आणि पहिल्या मसुद्यात हमखास लिहिलं जातं: ‘आठ शटर, दहा दिवस’. हे होत नाही. शटर रंगवायचं तर ते खाली ओढलेलं हवं, म्हणजे दुकान बंद हवं, आणि दुकान बंद असतं आठवड्यातून एकदा. रात्री नऊनंतर रंगवता येतं, पण ऑइल पेंट हाताला न चिकटण्याइतका सुकायला सहा-आठ तास जातात आणि शटर गुंडाळायच्या आधी पूर्ण एक दिवस गेलेला बरा. सकाळी आठला दुकानदाराने शटर वर सरकवलं की ओला रंग वरच्या रुळावर चोळला जातो आणि पट्टी पट्टीला चिकटते. म्हणून एका सुट्टीला पाया, पुढच्या सुट्टीला अक्षरं. एका शटरला दोन साप्ताहिक सुट्ट्या. आठ शटर म्हणजे सोळा शटर-दिवस. चार पेंटर प्रत्येकी एक शटर घेतील तर चार सुट्ट्या, म्हणजे निदान एक महिना. त्यात एखादी सुट्टी लग्नात जाते, एखाद्या सुट्टीला सण म्हणून दुकानं उघडी राहतात. अर्जात सहा आठवडे लिहा.

रंगाआधी शटर बघून घ्यावं. जुनं, गंजलेलं असेल तर तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. नवं, जस्ताचा मुलामा असलेलं चकचकीत शटर जास्त फसवतं. त्याच्यावर ऑइल पेंट सरळ मारला तर पहिल्या दिवशी सुंदर दिसतो आणि पावसाळा सरता सरता पापुद्रे निघतात, कारण रंगातल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर धरतो. त्याला आधी जस्तावर चालणारा प्रायमर लागतो आणि तो तालुक्याच्या दुकानात लगेच मिळेल असं नाही. दोन्ही कडांच्या खाचांमधलं ग्रीस थिनरने पुसायचं. तिथे रंग कधीच धरत नाही. दहा फूट बाय आठ फूट शटरच्या पन्हळी धरल्या तर शंभरेक चौरस फूट भरतं, दोन हातांना (थरांना) दीड ते दोन लिटर. आणि अक्षरांची गंमत अशी की पट्टी साधारण तीन इंचांची असते. शिरोरेषा दोन पट्ट्यांच्या सांध्यावर आली तर बाजूने बघणाऱ्याला ती तुटलेली दिसते. जुना पेंटर रेघ आखायला दोरा मारण्याआधी पट्ट्या मोजतो आणि अक्षराची उंची पट्टीच्या पटीत घेतो, शिरोरेषा पट्टीच्या सपाट भागावर आणतो. हे ज्याने पाहिलंय तो अर्जात एक ओळ लिहू शकतो, आणि ती एक ओळ वारशावरच्या दोन पानांहून जास्त बोलते.

शटरबद्दल आणखी एक प्रश्न मूल्यमापन करणारे विचारतात आणि अर्जदार गडबडतात: हे बघणार कोण? दुकान उघडं असताना चित्र गुंडाळलेलं असतं. उत्तर आहे: पहाटे फिरायला निघणारे, एसटी पकडणारे, रात्री उशिरा परतणारे आणि सुट्टीच्या दिवशी सगळं गाव. हे उत्तर तयार ठेवा. फोटोही त्याच वेळी काढायचे आहेत, सकाळी सहा ते साडेसात, ऊन शटरवर तिरकं पडायच्या आत.

शाळेच्या भिंतीचं गणित वेगळं. चाळीस फूट लांब, आठ फूट उंच भिंत म्हणजे ३२० चौरस फूट. बाहेरच्या भिंतीचा इमल्शन दोन हातांना लिटरमागे पन्नास-साठ चौरस फूट जातो, म्हणजे सहा लिटर. प्रायमर खडबडीत जुन्या गिलाव्याला चार लिटर. नवा गिलावा असेल तर २८ दिवस थांबायचं. खालच्या दोन फुटांत खार फुटलेला असेल तर तिथे चित्र काढू नका, गेरूचा पट्टा मारा. ओल आतून येते, तिला कोणताही प्राइमर अडवत नाही. महिने नोव्हेंबर ते जानेवारी. जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरला भिंत सुकते, फेब्रुवारीपासून शाळेला परीक्षा दिसायला लागतात. संस्थेचा निकाल मार्चमध्ये लागणार असेल तर काम सुरू करण्याची तारीख एप्रिल लिहू नका. एप्रिल ते ऑगस्ट मुलाखती, अक्षरांची नोंद, संमतीपत्रं, आणि रंग दिवाळीनंतर. सहा महिन्यांचा प्रकल्प मग आठ-नऊ महिन्यांत पसरतो, तो तसाच लिहावा. मुदतवाढ मागण्यापेक्षा आधीच खरं वेळापत्रक दिलेलं बरं.

परवानगी तोंडी चालत नाही. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे. सार्वजनिक दिसणाऱ्या भिंतीवर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय रंग लावणं त्यात येऊ शकतं, मग तुमचं चित्र कितीही देखणं असो. जिल्हा परिषदेच्या शाळेला मुख्याध्यापकांचं ‘हो, करा की’ पुरत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र देऊन पोहोच घ्या. ग्रामपंचायतीची भिंत असेल तर मासिक सभेचा ठराव, म्हणजे सभा हुकली की महिना गेला. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर सरकारी भिंतीवरचं काम थांबू शकतं. पंचायतीच्या निवडणुका कधी आहेत हे चहाच्या टपरीवरही कळतं, अर्जाच्या वेळापत्रकात मात्र क्वचित दिसतं. दुकानाच्या बाबतीत भाडेकरूची सही असते आणि मालकाची नसते. शटर मालकाचं असतं. दोघांच्या सह्या.

दुकानदार काय मागेल तेही आधी बोलून घ्या. त्याला मोबाईल नंबर हवा, कोपऱ्यात शीतपेयाचं किंवा सिमेंटचं चिन्ह हवं, कधी एखाद्या नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा हव्यात. धर्मादाय पैशातून जाहिरात किंवा प्रचार होऊ शकत नाही. दुकानाचं नाव आणि धंदा चालतो, कंपनीचं चिन्ह नाही, ही ओळ संमतीपत्रातच टाकावी, म्हणजे ऐन रंगाच्या दिवशी पेंटर आणि दुकानदार यांच्यात तुम्हाला उभं राहावं लागत नाही.

अंदाजपत्रक. अर्ज इथे पडतात, आणि फार पैसे मागितले म्हणून क्वचितच. बहुतेकदा कमी मागितल्यामुळे. चित्रकार स्वतःचं मानधन शून्य लिहितो. त्याला वाटतं हे त्यागाचं लक्षण आहे; वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस तिसऱ्या महिन्यात दुसरं काम धरेल आणि प्रकल्प अर्धवट राहील. आणि ते खरंही असतं.

तीन लाखांचा नमुना घेऊ. चित्रकाराचं मानधन महिना १५,००० प्रमाणे सहा महिन्यांचे ९०,०००. चार पेंटर, प्रत्येकी बारा दिवस, दिवसाला १,००० प्रमाणे ४८,०००. हे बारा दिवस असे: चार शटरचे, चार शाळेच्या भिंतीचे, दोन मुलांच्या कार्यशाळेचे आणि दोन मुलाखतीचे. मुलाखतीच्या दिवसाचेही पैसे द्यायचे. पेंटर दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसून ब्रश कसा धरायचा ते सांगतो तेव्हा त्याचा रोज बुडालेला असतो. रंग, प्रायमर, ब्रश, टर्पेंटाइन, घासपेपर मिळून ३२,०००. फोटो, ध्वनिमुद्रण आणि त्यांचं संपादन ३०,०००. पुस्तिका ३०० प्रती, प्रतीला ८० रुपये, २४,०००. प्रवास १८,०००. शाळेतल्या सहा कार्यशाळा, साहित्य आणि खाऊसकट प्रत्येकी ३,०००, म्हणजे १८,०००. प्रदर्शन १५,०००, परांचीचं भाडं ८,०००, सीएची फी ६,०००, आणि अनपेक्षित खर्चाला ११,०००. बेरीज तीन लाख. ही बेरीज दोनदा करा. चुकलेली बेरीज आम्ही इतक्या अर्जांत पाहिली आहे की आता पान उघडल्यावर नजर आधी तळाच्या ओळीवर जाते.

प्रत्येक रकमेपुढे ती कशी आली ते लिहायचं: ‘४ पेंटर × १२ दिवस × १,०००’. नुसतं ‘पेंटर मानधन ४८,०००’ लिहिलं की प्रश्न येतो. ‘इतर खर्च’ या नावाखाली काही ठेवू नका. परांची, प्रोजेक्टर अशा भाड्याच्या गोष्टींवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच रक्कम घ्या. दुकानदार तोंडी सांगतो तो भाव बिनबिलाचा असतो. कॅमेरा, लॅपटॉप विकत घ्यायची कलमं बऱ्याच संस्था कापतात. भाडं मान्य होतं.

सोबतची चित्रं दहा ते पंधरा, त्याहून जास्त नकोत. लांब बाजू दोन हजार पिक्सेलच्या आसपास, फाइल दोन एमबीच्या आत. प्रत्येकाखाली शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार आणि ठिकाण. फाइलचं नाव ‘व्हॉट्सअॅप इमेज’ असं राहू देऊ नका, आणि व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत वापरूच नका, ती आधीच दाबून बारीक झालेली असते. कॅनव्हासचे फोटो सावलीत, फ्लॅशशिवाय, कॅमेरा चित्राला समांतर धरून. या प्रकल्पात स्वतःच्या कॅनव्हासइतकेच त्या चार पेंटरांच्या जुन्या पाट्यांचे फोटो महत्त्वाचे आहेत. निम्मी जागा त्यांना द्या, आणि कोणती पाटी कुणाची ते लिहा.

पुढे बोलावणं येतं, हल्ली बहुधा व्हिडिओ कॉलवर. वेळ अर्धा-पाऊण तास. प्रश्न जवळजवळ ठरलेले. तुम्ही बाहेरून येऊन या पेंटरांचं काय करणार आहात? ते तुमचे सहकारी की तुमचे मजूर? एखादा आजारी पडला तर? पैसे कमी मिळाले तर काय सोडाल? शेवटच्या प्रश्नाला ‘सगळंच महत्त्वाचं आहे’ हे उत्तर देऊ नका. आठऐवजी सहा शटर करू, पुस्तिका ३००ऐवजी २०० प्रती, पण पेंटरांचा रोज कमी करणार नाही, असं सरळ सांगा. आधी ठरवून गेलात तर सुचतं. शक्य असेल तर एखाद्या पेंटरला कॉलवर बसवा. त्याचं दोन मिनिटांचं बोलणं तुमच्या वीस मिनिटांना भारी पडतं. फक्त त्याला पढवू नका, ते लगेच कळतं.

मंजुरीचं पत्र आलं की आनंदात करारावर सही होते. करार मराठीत समजून घेतल्याशिवाय सही नको, आणि हक्कांचं कलम दोनदा वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृतीचा पहिला मालक कलाकारच, पण कलम १७ मध्ये अपवाद आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र किंवा फोटो केला असेल आणि उलट काही लिहिलेलं नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा ठरतो. म्हणून ‘या प्रकल्पातल्या कामाचे हक्क कलाकारांकडे राहतील, संस्थेला अहवाल, संग्रह आणि प्रसिद्धीसाठी वापरता येतील’ असं स्पष्ट लिहून घ्यावं. चांगल्या संस्था हे कलम स्वतःच घालतात. आणि हाच नियम तुमच्यावर उलटतो हे विसरू नका: पेंटरला रोज देऊन तुम्ही रंगवून घेताय, म्हणजे तुमच्यात आणि त्याच्यातही कागद हवा. त्याची अक्षरं उद्या कुणी फाँट म्हणून विकायला काढली तर त्याचं नाव आणि वाटा काय, हे संमतीपत्रात, मराठीत, त्याला वाचून दाखवून. मुलांचे फोटो छापायचे तर पालकांची सही.

कलम ५७ कलाकाराचा नैतिक हक्क सांगतं, म्हणजे कामाची मोडतोड झाली तर तक्रार करण्याचा. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आलं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पाच लाखांची भरपाई आणि उरलेले भाग परत देण्याचा आदेश दिला. सव्वीस वर्षं गेली मध्ये. शाळेच्या भिंतीसाठी कुणी इतकं लढणार नाही, म्हणून ठरावातच ‘तीन वर्षं या भिंतीवर दुसरा रंग लावणार नाही, लावायचा झाल्यास महिनाभर आधी कळवू’ अशी ओळ घालून घ्यावी. तेवढी ओळ मुख्याध्यापक बदलले तरी टिकते.

हप्ते. समजा ५०, ४० आणि १० टक्के असे तीन ठरले: दीड लाख, एक लाख वीस हजार आणि तीस हजार. शेवटचे तीस हजार अंतिम अहवाल मान्य झाल्यावर येतात. पण पुस्तिका आणि प्रदर्शन, मिळून ३९,०००, अहवालाच्या आधीच उरकायचे असतात. म्हणजे छापखान्याचे पैसे खिशातून, किंवा छापखाना थांबतो आणि त्याच्यासोबत अहवाल थांबतो, अहवाल थांबला की हप्ता थांबतो. अनेक प्रकल्प नेमके या गाठीत अडकून पडतात, नव्वद टक्के काम झालेलं असताना. यावर एकच उपाय, आणि तो करार करतानाच करायचा: शेवटचा हप्ता म्हणजे चित्रकाराच्या मानधनाचे शेवटचे दोन महिने, १५,००० चे दोन, असं खर्चाच्या वेळापत्रकात मांडायचं. मग बाहेरच्या कुणाचं देणं त्या हप्त्यावर अवलंबून राहत नाही. उशीर झाला तर फक्त तुम्ही वाट बघता. ते काही सुखाचं नाही, पण छापखानेवाल्याचे फोन तरी येत नाहीत.

बिलं रोजच्या रोज. रंगाच्या दुकानात जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल मागा, प्रकल्पाच्या खातेदाराच्या नावाने. पेट्रोल पंपाची आणि छोट्या यंत्रांतून येणारी पावती गुळगुळीत कागदाची असते, तीन-चार महिन्यांत कोरी होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढून तिला मूळ पावती टाचा. पेंटरांना शक्यतो यूपीआयने किंवा खात्यात द्या. रोख दिली तर व्हाउचर, तारीख, कामाचं वर्णन आणि सही. रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख देऊ नका, लेखापरीक्षक ती नोंद धरून बसतो. बाराही दिवसांचे बारा हजार एकदम रोख द्यायचा मोह होतो, तो टाळा. ज्या रकमेवर कर कापायचा असतो तिथे व्यावसायिक मानधनाला दर १० टक्के, पण घेणाऱ्याचा पॅन नसेल तर २०. पेंटरांचे पॅन आणि बँक पासबुक पहिल्याच आठवड्यात तपासा. खातं बंद पडलेलं असतं, किंवा नावात ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ असा फरक असतो, आणि ते दुरुस्त व्हायला महिना जातो.

एका कलमातले पैसे दुसऱ्यात वळवायचे झाले तर आधी ईमेल. बऱ्याच करारांत थोडी मोकळीक असते, त्यापलीकडे लेखी मान्यता लागते. खर्च करून मग विचारलं तर ती रक्कम नामंजूर होऊ शकते. आठपैकी एक शटर झालं नाही तर तेही कळवा. कारण लिहा, वाचलेल्या रंगाचं काय केलं ते लिहा. अहवालात सात शटर आणि एक खरं कारण चालतं. आठ शटर लिहून त्यातलं एक दोन कोनांतून दाखवलेलं चालत नाही, फोटो बघणाऱ्याला गंज ओळखू येतो.

अंतिम अहवालात वर्णन चार-पाच पानं पुरे. त्याला हिशोबाचा तक्ता, मंजूर रक्कम आणि झालेला खर्च शेजारीशेजारी, आणि पैसे ठरल्या कामालाच वापरले असं सांगणारं, सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र. त्यावर यूडीआयएन हा अठरा अक्षरांकांचा क्रमांक असतो. तो नसेल तर कागद परत येतो. सीएला मार्चअखेर किंवा विवरणपत्रांच्या धांदलीत गाठू नका. फोटो, ध्वनिफिती आणि संमतीपत्रांच्या प्रती हार्डडिस्कवर, फोल्डरना तारीख आणि जागेची नावं देऊन. संस्थेच्या संग्रहात हे वर्षानुवर्षं राहतं आणि ‘न्यू फोल्डर २’ कुणी उघडत नाही.

एक प्रत पेंटरांकडेही जायला हवी. पेनड्राइव्ह दिला तर तो कपाटात पडतो, घरात कॉम्प्युटर नसतो. त्यापेक्षा प्रत्येकाला त्याने रंगवलेल्या दोन्ही शटरांचा आठ बाय बारा इंचांचा एकेक प्रिंट, मागे तारीख आणि दुकानाचं नाव, शिवाय पुस्तिकेच्या दहा प्रती. प्रिंटचे पैसे अंदाजपत्रकातल्या छायाचित्रणाच्या कलमातच धरून ठेवा, वेगळं कलम शोधत बसू नका. पेंटर तो प्रिंट पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतो.